हकीकत तुंबल्या बेसिनाची आणि कन्येच्या वेणीची

श्री जलदेवता प्रसन्न.

ज्यांच्या घरी नळ आहे आणि नळाखाली बेसिन आहे, ऐशा समस्त थोरामोठ्यांस लेखकाचा दंडवत. कुटुंबातील वडील मंडळींनी आज्ञा केली जे, स्नानगृहीच्या बेसिनाचे प्रकरण साद्यंत लिहून ठेवावे, म्हणजे पुढे कोणी आपल्या सोईने सांगणार नाही. त्यावरून जे पाहिले ते पाहिले म्हणून आणि जे दाराआडून ऐकिले ते ऐकिले म्हणून लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. मामासाहेबांच्या तोंडात पाणी किती गेले याविषयी दोन मते आहेत, ती दोन्ही जागच्या जागी दिली आहेत.

तर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिघांचे कुटुंब सुखे नांदत होते. घराचे धनी, ज्यांस पुढे साहेब म्हटले आहे, छापखान्यात मुद्रिते तपासण्याच्या हुद्द्यावर होते. सबब दुसऱ्याची चूक शोधणे हाच त्यांचा रोजगार आणि घरी आल्यावर हाच विरंगुळा. साहेबांच्या मिशा भरघोस आणि वयाच्या मानाने बहुत काळ्या. त्या काळेपणाचे कारण घरात सर्वांस ठाऊक होते, परंतु त्यावर बोलण्याची वहिवाट नव्हती. त्यांचे कुटुंब म्हणजे बाईसाहेब, इस्पितळात परिचारिकांच्या मुख्य. रक्त, पू, ओकारी यांस भिणाऱ्या नव्हेत, परंतु दिवसभर तेच पाहून आल्यावर घरी तसे काही पाहण्याची त्यांस हौसही नव्हती. या उभयतांस एकच कन्या. ती महाविद्यालयात शिकत असे. केस कंबरेखाली पोहोचलेले, वेणी घातली तर मनगटाएवढी जाड.

ऐसे असता स्नानगृहीच्या बेसिनाने बंडाळी आरंभिली. प्रथम पाणी जावयास विलंब लागू लागला. मग विलंबाचा मुक्काम जाहला. दात घासून चूळ टाकावी, तो आधीच्या माणसाची चूळ अजून तेथेच बसलेली. ती हलून जागा करून देई, आणि मग दोघी मिळून वर येत. त्याउपरि वास सुटला. तो वास ऐसा की ओले मोजे, नासके अंडे आणि फुलदाणीतील आठवड्याचे पाणी, या तिन्ही सत्तांनी आपसांतील वैर विसरून एकत्र चाल करावी. स्नानगृहाचे दार लोटून ठेविले तरी वास दाराखालून निघे आणि जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन खुर्ची ओढून बसे.

बाईसाहेबांनी सल्ला दिला जे प्लंबरास बोलवावे. साहेबांनी तो नामंजूर केला. इतक्याशा कामास परका माणूस घरात घेणे म्हणजे शत्रूस आपण होऊन मोठे करणे, ऐसे त्यांचे मत पडले. मग चौकशी मांडिली. पुरावा पाहिला नाही, साक्षी घेतल्या नाहीत, बेसिनात वाकूनही पाहिले नाही. न्याहारी करता करता निकाल जाहला आणि फर्मान सुटले ते येणेप्रमाणे: की बेसिन तुंबते ते लांब केसांनी. बाईसाहेबांचे केस खांद्यावर, आमच्या डोईचे तर गेलेच, सबब लांब केसांचा इसम घरात एकच. त्या इसमाने केस तरी कापावे, नाही तर बेसिन तरी सोडावे. उजूर चालणार नाही.

कन्येने उजूर केला नाही. तिने आपला ब्रश आणि पेस्ट उचलिली आणि स्वयंपाकघराच्या सिंकवर जाऊन दात घासू लागली. त्या दिवसापासून बापलेकीचे बोलणे बंद पडले. काही लागले तर मजकूर बाईसाहेबांमार्फत जाई. "आई, त्यांना सांग, रिमोट माझ्याकडे नाहीये." "तिला म्हणावं, मी विचारलंच नव्हतं." ऐसे, एकाच कोचाच्या दोन टोकांस बसून. बाईसाहेब मध्ये बसून दोन्हींकडील निरोप पोहोचवीत. पुढे पुढे त्यांनी पोहोचविणे सोडून नुसते "हं" म्हणावयास सुरुवात केली.

मग रविवार उजाडला. दुपारी चहा घेते समयी बाईसाहेबांनी बातमी दिली, ती बिस्किट बुडवावे इतक्या सहज दिली.

"तिनं आज पाचची वेळ घेतलीय."

"कसली वेळ?" साहेब म्हणाले.

"पार्लरची. केस कापायला. मानेपर्यंत कापणार म्हणाली."

साहेबांची बशी ओठांपाशी पोहोचली होती, ती तेथेच राहिली. याचे कारण लिहिणे जरूर आहे. कन्या लहान असता बाईसाहेबांस सकाळची पाळी असे, त्या उजाडण्यापूर्वीच घर सोडीत, आणि कन्येस शाळेत धाडण्याचा सारा बंदोबस्त साहेबांकडे असे. त्या काळी साहेबांनी दोन वेण्या घालण्याची विद्या स्वकष्टाने संपादिली होती. एक वेणी कानाशी आणि दुसरी थेट टाळूवर, ऐसी रचना होई. भांग तर नदीच्या नकाशासारखा पडे. शाळेतील बाईंनी वेण्या पुन्हा घालून देऊ का विचारिले तेव्हा कन्येने नको म्हटले होते, बाबांनी घातल्या आहेत म्हणून. हे साहेब कोणापाशी बोलत नसत. परंतु ते समयी बशीतील चहावर साय धरेतो त्यांच्या मनात हेच चालले होते.

"मग सांग तिला, नको कापू म्हणून," साहेब म्हणाले.

"तुम्ही सांगा. तुम्हीच म्हणालात ना काप?"

"मी म्हणालो म्हणून लगेच कापायचे का? आजवर माझं कुठलं ऐकलंय तिनं? हेच बरं ऐकलं!"

"अहो, मग जा आणि म्हणा तिला. दार बंद नाहीये तिचं."

परंतु सुटलेले फर्मान मागे घेणे ही गोष्ट साहेबांच्या कारकिर्दीत जाहली नव्हती. सबब त्यांनी मनाशी मसलत केली ती अशी: बेसिन मोकळे जाहले तर फर्मानास कारणच उरत नाही, आणि कारण नसलेले फर्मान आपोआप रद्द, कोणी मागे घ्यावयास नको. म्हणजे पाचाच्या आत बेसिन सर केले पाहिजे. ऐसे ठरवून साहेबांनी लुंगी खोचिली आणि खाशी स्वारी स्नानगृहाकडे कूच करती जाहली.

पहिला हल्ला सोडा आणि व्हिनेगर यांचा. स्वयंपाकघरावर छापा घालून खाण्याच्या सोड्याचा डबा हस्तगत केला, त्यातील निम्मा बेसिनाच्या भोकात लोटिला, वरून व्हिनेगरची बाटली उपडी केली. मग फेस उसळला तो काय वर्णावा! फसफस ऐसा आवाज करीत पांढरा दळभार वर चढला, बेसिनाचा काठ ओलांडून खाली उतरला. साहेबांनी हर्षे "बघ, बघ, कसं पळतंय!" ऐसी आरोळी दिली. मग फेस बसला. पाणी होते तेथेच होते. वास मात्र होता तो होताच, वर लोणच्याची बरणी फुटल्यासारखा आंबूस निराळा.

तेव्हा साहेबांनी कुमक मागविली. बाईसाहेबांचे धाकटे बंधू, मामासाहेब, दोन गल्ल्या सोडून राहात. फर्निचरच्या दुकानी खुर्च्या विकीत, परंतु मोबाइलवर चित्रफिती पाहून त्यांस सर्व विद्या प्राप्त जाहल्या होत्या: विहीर खणणे, विमान उतरविणे, पाठदुखी घालविणे. निरोप पोहोचताच मामासाहेब रबरी पंप खांद्यावर टाकून दरकूच दाखल जाहले. आल्या आल्या बेसिनाकडे पाहून मामासाहेब असे हसले की जणू बेसिन आजवर त्यांचीच वाट पाहात होते.

"दाजी, तुम्ही फक्त बघा. दोन दणक्यांत जातंय."

मग पंप भोकावर बसवून त्यांनी सर्व अंगाचा भार देऊन दणका दिला. ऐसियास बेसिनाच्या वरच्या अंगास, काठाखाली, एक लहान भोक असते. बेसिन भरून वाहू नये म्हणून ते ठेविलेले असते, आणि ते आतून त्याच नळीस मिळालेले असते. हे मामासाहेबांच्या चित्रफितीत होते, परंतु त्यांनी ती मध्येच सोडून दुसरी लाविली होती. तळी दाबिलेली काळी राड मागच्या वाटेने वर चढली आणि त्या भोकावाटे पिचकारी सुटली, ती निरखून पाहावयास वाकलेल्या साहेबांच्या मिशांवर नेमकी बसली.

"वरचं भोक फडक्यानं बंद करायचं असतं," दारातून बाईसाहेब म्हणाल्या.

"हे आधी सांगायचंस!"

"विचारलंत?"

साहेबांनी तोंड पुसले. मिशांचा रंग फडक्यास लागला; तो राडेचा की आणखी कशाचा, हे पाहूनही कोणी बोलिले नाही.

साडेतीन होऊन गेले होते. मग तिसरी आणि थोर चढाई ठरली, ती पायथ्याकडून. बेसिनाखाली जी वाकडी नळी असते, जिच्या बाकात थोडे पाणी कायम राहून गटाराचा वास अडवून धरिते, तीत शत्रूचे मुख्य ठाणे असणार, ऐसे मामासाहेबांनी अनुमान केले. ते खरे होते, आणि हे त्यांच्या बाजूने लिहिणे न्यायाचे आहे. खाली बादली ठेविली. जुना टॉवेल अंथरून मामासाहेब उताणे होऊन बेसिनाखाली शिरले, पोट बाहेर राहिले. साहेब पाना घेऊन उभे. नट उजवीकडे फिरवावा की डावीकडे, यावर बहुत वाद जाहला, कारण उताण्या माणसाचे उजवे उभ्या माणसाच्या उजव्याशी जुळेना. अखेर नट सैल जाहला, नळी सुटली, आणि काळे, लिबलिबीत, दुर्गंधीचे मूळच ऐसे काही भळकन बादलीत उतरले. दोघांसही अत्यानंद जाहला. मामासाहेबांनी नळी बाजूस ठेविली आणि निजल्या निजल्याच बादली वर दिली.

"दाजी, ही ओतून द्या. बघा, काहीच अवघड —"

येथे लेखणी अडते, तरी लिहितो. साहेबांनी बादली घेतली. हाती घाण पाण्याची बादली, समोर बेसिन. जन्मभर घाण पाणी बेसिनात ओतिले होते. हाताने हाताचे काम केले. बेसिनाखाली आता नळी नाही, तेथे मामासाहेबांचे मुख आहे, आणि ते "अवघड" या शब्दापुढील शब्द उच्चारावयास उघडिले आहे, हे साहेबांच्या ध्यानी आले तेव्हा बादली रिकामी जाहली होती.

मामासाहेबांचे म्हणणे असे की तोंड काठोकाठ भरले. बाईसाहेबांचे म्हणणे, "घोटभरही नाही. मी नर्स आहे, मला कळतं." दोन्ही येथे नमूद केली.

मग मामासाहेब बेसिनाखालून हळूहळू निघाले, उभे राहिले, आणि कोणाकडेही न पाहता बोलिले:

"ताई, मी अंघोळ करणार. इथंच. आत्ता. आणि साबण नवीन काढ."

नवीन साबण दिला. मामासाहेबांनी आतून कडी लाविली. स्नानगृह ताब्यातून गेले आणि मोहीम थांबली. आत पाणी पडत राहिले. मध्येच थुंकण्याचा आवाज येई, मग पुन्हा पाणी. बाईसाहेब दाराशी उभ्या राहून आणखी गुळण्या कर म्हणून सांगत होत्या आणि हसू येऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरीत होत्या.

साहेब बाहेर बोळात पाटावर बसले. पुढे वर्तमानपत्र पसरिले, त्यावर नळीचे भाग मांडिले, मधोमध नळीतून खरवडून काढिलेला काळा गोळा ठेविला, आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक घासू लागले. मिशी एका बाजूने पांढरी पडली होती, बनियनवर शिंतोडे, लुंगीस राड. घड्याळाकडे पाहात आणि पुन्हा घासत.

ते समयी कन्या आपल्या खोलीतून बाहेर आली. खांद्यास पिशवी, पायात बूट, केस मोकळे सोडिलेले. ती त्यांस ओलांडून जाणार होती, परंतु बोळ अरुंद आणि शत्रूचा मुडदा वर्तमानपत्रावर मधोमध. तिने नाक धरिले. मग खाली वाकून पाहिले.

"हे काय आहे?"

पुष्कळ दिवसांनी मध्यस्थाविना आलेला हा पहिला प्रश्न होता.

"नळीतलं," साहेब म्हणाले.

कन्येने ब्रशाच्या दांडीने तो गोळा उलगडिला. त्यात साबणाचा चिकटा होता, कोणाच्या तरी रात्रीच्या मलमाचा पिवळा थर होता, आणि केस होते. बोटाच्या पेराएवढे आखूड, राठ, बुंध्याशी पांढरे आणि वर गडद काळे. शेकड्यांनी.

"बाबा," ती म्हणाली, "माझे केस इतके आखूड कधीपासून झाले?"

साहेबांनी पाहिले. त्यांचा धंदाच पाहण्याचा. इतकी ठसठशीत चूक नजरेतून सुटणे शक्य नव्हते. रोज सकाळी बेसिनावर वाकून कात्रीने मिशी कातरणारा इसम घरात एकच होता.

"मिशा," साहेब म्हणाले.

"आणि हा काळा रंग?"

"कलप." हा शब्द त्या घरात प्रथमच उच्चारिला गेला. आतील पाण्याचा आवाजदेखील थांबला. मामासाहेब कान देत असावेत.

कन्या हसली नाही. हसती तर बरे, ऐसे साहेबांस वाटले.

"मी जाते. पाचला पोचायचंय."

"जाऊ नकोस."

"का? हुकूम आहे?"

साहेबांनी हातातील नळी खाली ठेविली. "नाही गं. हुकूम नाही. तो चुकला. न बघताच बोललो मी." मग थोडे थांबून, आवाज उतरवून, "विनंती आहे. नको कापूस. म्हणजे, तुला कापायचेच असतील तर काप, तुझे आहेत. पण माझ्यामुळे नको."

विनंती हा शब्द साहेबांच्या मुखे कोणी ऐकिला नव्हता. बाईसाहेब दाराशी होत्या, त्यांचे हसू एकाएकी ओसरले आणि त्या भिंतीवरील कॅलेंडर वाचू लागल्या.

कन्येने पिशवी काढून खुंटीस लाविली. "मला पण नव्हतेच कापायचे," ती म्हणाली. "तुम्ही थांबवता का ते बघत होते. आणि तुम्ही बसलात नळी घासत! पावणेपाच वाजले, बाबा. अजून थोडा वेळ गेला असता तर खरंच कापावे लागले असते मला."

मग तिने पार्लरात फोन लावून वेळ रद्द केली, केसांचा आंबाडा बांधिला, बाह्या सारिल्या. मामासाहेब लाल होऊन बाहेर निघाले, ते सोबत साबणाच्या वासाचा एक ढग घेऊन. त्यांनी जाहीर केले जे आपण यापुढे फक्त तोंडी मदत करू. ती नाकारण्यात आली.

नळी स्वच्छ जाहली तरी बेसिनाच्या गळ्यात अजून काही अडले होते. साहेबांचे बोट जाड, शिरेना. कन्येने तारेचा हँगर सरळ करून टोकास बारीक आकडा केला, भोकात घातला, फिरविला, आणि ओढू लागली. प्रथम एक काळे शेपूट आले. मग आणखी आले. ती ओढीत मागे सरली, दारापर्यंत गेली. साहेबांनी टोक धरिले. अखेर बुळबुळीत, लांब, गुंतागुंतीचे ऐसे एक प्रकरण सळकन बाहेर पडले. ते कोणाचे, यात शंका नव्हती.

"हे माझे," कन्या म्हणाली.

"असू दे," साहेब म्हणाले. "माझे खाली होते, तुझे वर. एकमेकांना धरून बसले होते."

"आणि मधला पिवळा थर?" मामासाहेबांनी तोंडी मदत केली.

बाईसाहेबांनी त्यांजकडे पाहिले. तो विषय तेथेच संपला.

मग नळी जोडिली. पहिल्या खेपेस थेंब गळला. रबरी चकती उलटी बसली होती, ती सुलटी केली. बाईसाहेबांनी किटलीभर कढत पाणी आणिले, आणि ज्या वरच्या भोकाचा कोणास विचार नव्हता त्यात सोडा भरून बाटली घासावयाचा बारीक ब्रश फिरविला. तेथून जे निघाले त्याने उरल्या वासाचाही उलगडा जाहला. मग साहेबांनी नळ सोडिला. पाणी बेसिनात उतरले, भोवऱ्यासारखे फिरले, आणि घटाघट पिणाऱ्या तहानेल्या माणसासारखा आवाज करीत दिसेनासे जाहले. चौघांनी आळीपाळीने हात धुतले. मग पुन्हा धुतले. मामासाहेबांनी तर तोंडही धुतले, मात्र बेसिनाखाली कोण आहे हे आधी वाकून पाहिले.

त्याच संध्याकाळी तह ठरला. भोकावर जाळी बसवावी; मिशी वर्तमानपत्र पसरून कातरावी; केस विंचरणे ते खिडकीपाशी; आणि मलमाविषयी बाईसाहेब योग्य ते स्वतः पाहतील, त्यांस कोणी सुचवू नये.

सोमवारी सकाळी घरातील सर्वांस कामावर जावयास उशीर जाहला. कारण जो कोणी चूळ टाकी तो पाणी जाताना पाहात तेथेच उभा राही. साहेब तर अर्धी मिशी काळी आणि अर्धी पांढरी, ऐसे आरशापुढे स्वस्थ उभे, आणि नजर मात्र खाली. कन्या दार ठोठावू लागली.

"बाबा, बाहेर या! किती वेळ बघणार आहात?"

"आलोच," साहेब म्हणाले, आणि नळ पुन्हा सोडिला.

येणेप्रमाणे बेसिन सर जाहले, वास परागंदा जाहला, कन्येची वेणी कायम राहिली. आपल्या पक्षाकडील जखमी एक, तो गुळण्या करून बरा आहे. फत्ते जाहली, ही नोंद.